मैलापाणी केंद्राच्या गेटवर रोजचा हिशेब लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात मुळा-मुठेतल्या जलपर्णीचा फोटो आला होता. दोन दिवसांनी वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिले, की मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांवर घातलेला सगळा पैसा पाण्यात गेला. ते वाक्य मला लागले. मी पुण्यातल्या अशाच एका केंद्रात ३१ वर्षे ऑपरेटर म्हणून शिफ्ट केली आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. त्या गृहस्थांचा राग मला समजतो. नाक दाबून पुलावरून जाणाऱ्या माणसाला दुसरे काय वाटणार? पण गेटच्या आत काय चालते हे त्यांना कुणी कधी दाखवलेलेच नाही, आणि माझे सगळे म्हणणे त्याबद्दलच आहे.

आधी घरातले गणित सांगतो. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चौघांच्या घरात ५४० लिटर येते आणि त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या वर, मोरीतून आणि संडासातून परत जाते. खडकवासल्यातून पर्वतीला, पर्वतीवरून टाकीत, टाकीतून नळाला आणि तिथून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये असा हा प्रवास. भैरोबा नाल्याचे जुने केंद्र १३० दशलक्ष लिटरचे आहे. दहा हजार लिटरचे टँकर मोजायचे झाले तर रोजचे तेरा हजार टँकर. एवढे पाणी रात्रंदिवस येत असते, त्याला रविवार नाही की दिवाळी नाही. उलट दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पहाटे चारपासून आमचा मीटर चढायला लागायचा. इकडे शहर उटणे लावून न्हात असायचे आणि तासाभरात ते पाणी आमच्या जाळीवर यायचे, साबणाच्या वासासकट.

जाळीवर काय येते हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंते, फरशी पुसायची फडकी, कान साफ करायच्या काड्या. गेल्या दहा वर्षांत ओले टिश्यू फार वाढले. पाकिटावर काहीही लिहिलेले असो, ते पाण्यात विरघळत नाहीत. पंपाच्या पात्याला त्यांचा दोर वळला जातो आणि पंप जळतो. जाळीला यंत्र होते, पण ते अडकले की आम्ही दाताळे घेऊन हाताने ओढायचो. माझ्याबरोबर जाळीवर काम करणारा मदतनीस वीस वर्षे ते करत होता. त्याच्या हाताला इंजेक्शनच्या सुया दोनदा टोचल्या. घरी इन्सुलिन घेणारे लोक सुई संडासात टाकतात, तिचे पुढे काय होते हे त्यांच्या मनातही येत नसणार. म्हणून लिहिले.

जाळीनंतर वाळू खाली बसवायची, मग मोठ्या गोल टाकीत पाणी दोनेक तास शांत ठेवायचे, म्हणजे जड घाण तळाला बसते. तिथपर्यंतचे काम कुणालाही समजेल. खरे काम पुढच्या टाकीत, जिथे हवा सोडतात. ते काम आम्ही करत नाही. ते जिवाणू करतात. आम्ही त्यांची राखण करतो, एखाद्या गोठ्यावर गडी ठेवतात तशी.

हे जिवाणू पाण्यात विरघळलेली घाण खातात आणि स्वतः वाढतात. त्यांना दोनच गोष्टी लागतात, खायला घाण आणि श्वासाला हवा. हवा ब्लोअरने तळातून सोडायची. टाकी निरोगी असली की तिचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा असतो आणि वास येतो तो ओल्या मातीचा. घाणीचा नाही. पाहुणे नेहमी इथे थबकायचे. रंग काळपट पडला आणि सडक्या अंड्याचा वास आला, की हवा कमी पडली असे समजायचे. पांढरा फेस उंच चढला, की एक तर जिवाणू कोवळे आहेत किंवा साबण जास्त आलाय.

दर शिफ्टला आम्ही एक चाचणी करायचो. एक लिटरचा काचेचा सिलिंडर त्या टाकीतल्या पाण्याने भरायचा, खिडकीत ठेवायचा आणि तीस मिनिटे हलवायचा नाही. पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही, सगळे तपकिरी. मग हळूहळू कण एकमेकांना धरतात, त्यांचे पुंजके होतात आणि साय खाली उतरावी तसा एक थर खाली उतरतो. त्याच्यावर स्वच्छ पाणी दिसायला लागते. अर्ध्या तासाने गाळ अडीचशे-तीनशे मिलिलिटरच्या खुणेवर असेल आणि वरच्या पाण्यातून पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत असेल, तर ती शिफ्ट चांगली गेली. मी हे काही हजार वेळा पाहिले असेल. निवृत्तीच्या दिवशीही सही करण्याआधी सिलिंडर लावूनच बसलो होतो.

आमच्या लॅबमधल्या मॅडमनी एकदा मला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावले. एका देठावर घंटेसारखा एक जीव होता, तोंड उघडून पाणी आत ओढत होता. जरा धक्का बसला की स्प्रिंगसारखा आखडायचा आणि पुन्हा उघडायचा. मॅडम म्हणाल्या, हे दिसले की समजायचे टाकीची तब्येत चांगली आहे. त्यानंतर मी रोज विचारायचो, "आज घंटा आहेत का?"

एका मे महिन्यात सगळ्या घंटा गेल्या. रात्रपाळी माझी होती. दीडच्या सुमारास येणाऱ्या पाण्याला रसायनाचा वास आला आणि डोळे चुरचुरले. कुणीतरी कुठल्या तरी चेंबरमध्ये टँकर ओतला असणार. कोण, ते शेवटपर्यंत कळले नाही. वरिष्ठांना फोन केला, पण येणारे पाणी थांबवायला नळ नसतो. सकाळपर्यंत टाकी राखाडी झाली. सिलिंडरमध्ये काही खाली बसेना, नुसते गढूळ. दुसऱ्या केंद्रातून टँकरने चांगला गाळ आणून विरजणासारखा घातला, खायला थोडे थोडे वाढवत नेले, तेव्हा कुठे चार आठवड्यांनी पाणी ताळ्यावर आले. ते चार आठवडे नदीत काय गेले हे मला माहीत आहे. लॉगबुकमध्ये मी ते लिहिले. बाहेर कुणाला कळले नाही, कारण लॉगबुक बाहेर कुणी बघतच नाही.

आता नदीकडे येतो. बीओडी हा शब्द वर्तमानपत्रात येतो, पण त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो, त्याचे हे माप. शहराच्या कच्च्या मैलापाण्यात ते लिटरमागे दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. आणि आपल्या हवामानात एक लिटर स्वच्छ नदीच्या पाण्यात प्राणवायू मावतो जेमतेम आठ मिलिग्रॅम. म्हणजे एक बादली कच्चे मैलापाणी पंचवीस बादल्या चांगल्या पाण्याचा श्वास खाऊन टाकते. मासे उलटे होऊन वर येतात ते बहुतेक वेळा विषाने नव्हे, गुदमरून. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोठ्या शहरांसाठी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १० च्या आत आणायला सांगितले. दोनशेवरून दहावर आणणे, हे त्या टाकीतल्या जिवांचे काम.

यात एक गोष्ट पुणेकरांच्या लक्षात येत नाही. पावसाळा सोडला तर मुठेला स्वतःचे पाणी राहिलेले नाही. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खाली खडकवासला, सगळे पाणी धरणांत अडते. म्हणजे उगम सह्याद्रीत असला तरी वर्षातले आठ महिने शहरातून वाहणाऱ्या मुठेचा उगम आमच्या केंद्रांच्या पाइपात आणि उघड्या नाल्यांत असतो. केंद्र चालले तर नदी, नाही चालले तर गटार. मधले काही नाही. नदीकाठी फरसबंदी आणि बाकडी कितीही चांगली केली तरी त्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला वास येणार की नाही, हे वर कुठेतरी रात्री तीन वाजता ब्लोअर चालू होता की नाही यावर ठरते.

जलपर्णीबद्दलही खरे ते सांगायला हवे. जुनी केंद्रे घाण कमी करण्यासाठी बांधली होती. मैलापाण्यातला नायट्रोजन आणि साबणा-मैल्यातला फॉस्फरस पूर्ण काढण्याची त्यांत सोय नव्हती. त्यामुळे आमचे पाणी काचेसारखे दिसले तरी जलपर्णीला ते खतच. नव्या पद्धतीच्या केंद्रांत हे बरेच निघते. जायकाच्या, म्हणजे जपान सरकारच्या मदतसंस्थेच्या, मदतीने ११ नव्या केंद्रांची, एकूण ३९६ दशलक्ष लिटरची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली, त्याकडे मी म्हणूनच डोळे लावून बसलो होतो. पण नवे केंद्र असो वा जुने, जो नाला केंद्राला जोडलेलाच नाही त्यातले पाणी सरळ नदीत जाते. जलपर्णीचा फोटो काढताना मागे असा एखादा नाला हमखास दिसतो. त्याचे पाप केंद्राच्या माथी मारू नये.

माझी धाकटी बहीण दौंड तालुक्यात दिलेली आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, पुण्याचे पाणी उचलून ब्रिटिश काळातल्या जुन्या मुठा कालव्यात सोडतात. लोक त्याला बेबी कालवा म्हणतात. खडकवासल्याचे चांगले पाणी शहराला जास्त लागते, म्हणून त्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असे शेतीला देण्याचे ठरले. माझ्या बहिणीचा दीड एकर ऊस आणि थोडी मेथी-कोथिंबीर त्याच्यावर आहे. एका भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर ती मला शेतात घेऊन गेली. चारीला पाणी चालू होते आणि जिथे ते दगडावरून पडत होते तिथे गुडघाभर पांढरा फेस. तिने ओंजळीत घेऊन तो मला दाखवला. "दादा, हे तुझ्याकडून येतं ना?" तिच्या पोटऱ्यांवर खाजवून खाजवून काळे डाग पडले होते. बाई दारे धरते, पाण्यात उभी राहते, तिला दुसरा इलाज नाही.

मी तिला म्हणालो, की सगळे आमच्याकडून येत नाही, नाल्यांतूनही येते. ते खरेच आहे. पण तिच्यापुढे उभे राहून ते बोलताना माझी मान वर होत नव्हती.

त्यानंतर ती फोन करायला लागली. "दोन दिवस पाण्याला वास मारतोय, काही बिघडलंय का रे तिकडं?" मी लॉगबुक मागे चाळायचो. पुष्कळदा काही नसायचे. पण एकदा आमचा एक ब्लोअर सुटा भाग मिळत नाही म्हणून सात महिने बंद पडून होता आणि दुसऱ्यावर सगळा भार होता, त्या काळात वीज गेली की तिचा फोन दोन-तीन दिवसांनी यायचाच. पुण्यातल्या कुणालाही जे ठाऊक नव्हते ते साठ-सत्तर किलोमीटरवरच्या शेतकरी बाईला वासावरून कळत होते.

ते पाणी तिथे थांबत नाही. नदीतून जे पुढे जाते ते रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. उजनीचे पाणी सोलापूर पिते. धरणाखाली पंढरपूर. दोन्ही पालख्या नाना पेठ आणि भवानी पेठेत मुक्कामाला असायच्या त्या दोन रात्री आमच्याकडे रजा कुणी मागत नसे. फिरत्या शौचालयांचे टँकर रात्रभर रिकामे व्हायचे, घाण एकदम घट्ट यायची आणि हवा वाढवावी लागायची. आमचा एक सहकारी सिलिंडर लावताना रामकृष्णहरी म्हणायचा. पुढे तुकोबांची पालखी यवतला पोचली, की गावोगावची पिठलं-भाकरी वारकऱ्यांना जाते, त्यात माझ्या बहिणीच्या घरचीही असते. आणि तेच वारकरी आषाढीला चंद्रभागेत उतरतात. चंद्रभागा म्हणजे भीमाच, आणि भीमेत आपण आहोत. या कामाला मी नुसती नोकरी कधी समजलो नाही.

वरच्या अंगालाही डोळेझाक करून चालणार नाही. मी धायरीला राहतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गुलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण निघाले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. आमच्या इमारतीत महिनाभर प्रत्येक घरात पाणी उकळत होते. मैलापाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यात फार तर हातभर माती असते, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

आता मागणी. महापालिका केंद्रांची क्षमता सांगते, अमुक इतके दशलक्ष लिटर. क्षमता म्हणजे भांडे केवढे आहे एवढेच. त्यात काल किती शिजले ते सांगा. प्रत्येक मैलापाणी केंद्राच्या गेटवर, रस्त्यावरून वाचता येईल असा एक काळा फळा लावा आणि त्यावर रोज सकाळी खडूने चार आकडे लिहा. काल किती पाणी आले. त्यातले किती प्रक्रिया न होता पुढे सोडावे लागले. प्रत्येक ब्लोअर चोवीसपैकी किती तास चालला. आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा बीओडी. हा चौथा आकडा तीन दिवसांपूर्वीचा असेल, कारण ती चाचणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते. तसे तारखेसह लिहावे. हे चारही आकडे आत वहीत रोज लिहिलेले असतातच. फक्त वही गेटपर्यंत आणायची आहे.

दुसरा आकडा लिहिताना हात थरथरेल, हे मला माहीत आहे. जोराच्या पावसात नाल्यांचे पाणी चेंबरमध्ये घुसते, येणारा प्रवाह कितीतरी पट होतो, आणि सगळे टाकीतून सोडले तर जिवाणूच वाहून जातील. तेव्हा काही पाणी वळवावेच लागते. तो ऑपरेटरचा गुन्हा नाही. पण तो आकडा पावसाळ्यानंतरही, कोरड्या फेब्रुवारीत फळ्यावर दिसला, तर लोक विचारतील. विचारलेच पाहिजे. एक ब्लोअर सात महिने बंद असेल तर फळ्यावर त्याच्यापुढे रोज शून्य तास, शून्य तास दिसेल, आणि सुटा भाग कुठे अडकलाय हे विचारायला नगरसेवक येईल, सोसायटीचे लोक येतील. आम्ही सात महिने पत्रे लिहीत होतो, आमच्यासाठी कुणी आले नाही.

मोठ्या सोसायट्यांनाही हेच सांगणे आहे. आपल्या आवारात स्वतःचे केंद्र असते. वीजबिल वाचवण्यासाठी ते रात्री बंद ठेवतात असे मी अनेक ठिकाणी पाहिले. रोज रात्रभर हवा बंद ठेवली तर टाकीतले जिवाणू गुदमरतात आणि पाणी सडायला लागते. दिवसा चार तास चालवून काही उपयोग होत नाही, तेवढी वीजही वायाच जाते. आपल्या वॉचमनच्या केबिनशेजारी असाच छोटा फळा लावा.

आणि महिन्यातून एक रविवार केंद्र लोकांना बघायला उघडे ठेवा. शाळेतली मुले यायची तेव्हा पहिली पाच मिनिटे नाकाला रुमाल, शी शी, आणि हवेच्या टाकीपाशी आले की रुमाल आपोआप खाली. एका मुलीने मला विचारले होते, "काका, यातला आमच्या घरचा थेंब कुठला?" मी सांगितले, आत्ता सकाळी अकरा वाजलेत, तू आठला अंघोळ केली असशील तर तो इथेच कुठेतरी आहे. ती कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली.

ज्यांनी ते पत्र लिहिले त्या गृहस्थांना माझे आमंत्रण आहे. परवानगी मिळवण्याचे काम मी करीन. येताना त्यांनी फक्त अर्धा तास हाताशी ठेवावा. मी सिलिंडर भरून खिडकीत ठेवीन, आपण दोघे समोर बसू, आणि तीस मिनिटांनी पलीकडचे कॅलेंडर वाचता येते की नाही ते बघू. नाही वाचता आले, तर तेही आपल्या वृत्तपत्रात लिहा.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर, धायरी, पुणे
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्र दिला आहे.)